क्रियापदाचा गण पाडा

मानवतच्या पोरांना वृत्तं शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. ‘यमाताराजभानसलगा’ घोकून घ्यायचं, लघूवर अर्धचंद्र, गुरूवर आडवी रेघ, तीन-तीन अक्षरांचे गण. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात, म्हणजे चार य-गण, एवढं तरी मोंढ्यात कापसाच्या गाडीवर बसणाऱ्या पोरालाही पाठ असायचं. निवृत्त झालो, सुटलो म्हटलं. तर पुण्याची नात दिवाळीला वही घेऊन हजर. “आबा, क्रियापदं फोडून आघात दाखवायचाय.” भाषा स्पॅनिश! ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्या जिल्ह्यात येऊन निदान जर्मन तरी आणायची.

नियम मात्र मास्तराला आवडावा असा. शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर आघात, म्हणजे जोर, उपांत्य अवयवावर; अवयव म्हणजे एका दमात उच्चारायचा शब्दाचा तुकडा. दुसरं व्यंजन असेल तर शेवटच्यावर. जो शब्द हे ऐकत नाही, त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. शेवटी र, म्हणून जोर ‘ब्लार’वर. ‘आब्लान’, ते बोलतात. शेवटी न, म्हणून जोर ‘आ’वर. न आणि स यांना ही सवलत का? क्रियापदांचे निम्मे प्रत्यय त्यांच्यावरच संपतात. वशिला सगळीकडे चालतो.

खरी गंमत ‘इ’ची. ‘कोम्यो’, तो जेवला, यात ती ‘ओ’बरोबर एकाच अवयवात गुण्यागोविंदाने नांदते. ‘कोमीआ’, तो जेवत असे, यात तिच्यावर जोर आला की लगेच वेगळी चूल! दोनाचे तीन अवयव. आमच्या गल्लीतल्या वाटण्या याहून सावकाश झाल्या.

“काय करायलात हो दोघं?” सौ. आतून म्हणाल्या. मी तेव्हा एसटी स्टँडवरच्या पाट्या स्पॅनिश नियमाने फोडत होतो. सेलू : जोर ‘से’वर. जिंतूर : ‘तूर’वर. परभणी : ‘भ’वर. मानवत : ‘वत’वर. कंडक्टर असं ओरडला, तर निम्मे प्रवासी स्टँडवरच राहतील.

पण जोर चुकवून भागत नाही. ‘आब्लो’तल्या ‘आ’वर जोर दिला तर ‘मी बोलतो’. ‘ब्लो’वर दिला तर ‘तो बोलला’. एका तिरक्या रेघेत माणूसही बदलला, काळही. आमच्या गुरूला एवढी सत्ता कधी मिळाली नाही. त्याने फार तर वृत्त मोडतं.

तेव्हा मानवतात कुणाला स्पॅनिश क्रियापदं फोडून हवी असतील, त्यांनी संध्याकाळी यावं. फी नाही. मात्र लगक्रम आधी पाठ पाहिजे.