फियाट, भाची आणि बोरघाट

गाडी शिकायची तर नवी घ्यावी की जुनी, या प्रश्नावर कर्जतच्या बाजारपेठेत एकमत आहे: दुसऱ्याची घ्यावी. त्यामुळे भाचीच्या हाती लायसन्स पडलं, त्याच दिवशी आमच्या फियाटवर संक्रांत आली.

कागदोपत्री ही प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. पद्मिनी हे नाव तिला १९७४ साली मिळालं, पण तोवर लोकांच्या तोंडी फियाट बसलं होतं ते बसलंच. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. आमची कर्जतला अजून चालते. म्हणजे बहुतेक वेळा.

भाची पुण्यात ऑटोमॅटिक गाडीवर शिकलेली. आत बसल्यावर तिने आधी मागचा कॅमेरा शोधला, मग एसीचं बटण शोधलं आणि शेवटी गिअर शोधला.

"मामा, गिअर कुठाय?"

"स्टीअरिंगच्या डाव्या बगलेला तो दांडा आहे ना, तो."

"मला वाटलं वायपर!"

सीटबेल्ट मात्र सापडला, कारण तो मी मुद्दाम बसवून घेतला आहे. जुनी गाडी घेणाऱ्या नवशिक्याला पहिला सल्ला हाच: पैसे आधी बेल्ट, ब्रेक आणि टायर यांवर घाला. रंग नंतर. बंद पडलेली गाडी कोणत्याही रंगात तितकीच जड असते.

दुसरा सल्ला गिअरचा. गाडी दारात उभी, इंजिन बंद, क्लच दाबलेला, अशा अवस्थेत चारही गिअर आणि रिव्हर्स हाताला पाठ होईपर्यंत घोकावेत. भाचीने अर्धा तास हा पाढा म्हटला. शेजारच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, "निघताय की आलात?"

मग चोक. सकाळी गार इंजिनाला चोक ओढून सेल्फ मारायचा, इंजिन धरलं की हळूहळू चोक आत सारायचा. अधीर माणूस अॅक्सिलरेटरवर पाय आपटतो, पेट्रोल ओव्हर होतं आणि अर्ध्या आळीला वास जातो. तसं झालं तर बोनेट उघडून दहा मिनिटं गप्प उभं राहावं. जाणारे-येणारे कार्बुरेटरवर मतं देतील, ती ऐकून घ्यावीत. कर्जतला वकील, शिक्षक आणि भाजीवाला या तिघांनाही कार्बुरेटर कळतो.

आमचा बेत साधा होता: पळसदरीवरून खोपोली, घाट चढून खंडाळा, उतरून महडचा गणपती, खालापूर, चौक आणि परत कर्जत. श्रावणातली सकाळ. भिवपुरी, कोंढाणे, कशेळे अशा दिशांना मुंबईकरांच्या गाड्या धबधबे शोधत निघालेल्या. पहिल्याच वळणावर भाचीला कळलं की पॉवर स्टीअरिंग म्हणजे काय होतं. या गाडीचं स्टीअरिंग उभ्या जागी फिरवायचं नसतं. चाकं जरा हलू द्यावीत, मग फिरवावं, म्हणजे गाडीचे सांधे टिकतात आणि आपलेही.

पळसदरीला रूळ फुटतात. एक वाट खोपोलीला जाते, केळवली, डोलवली, लौजी करत. दुसरी घाट चढून पुण्याला. बाजूने एक मेल चालली होती आणि तिच्या शेवटच्या डब्यामागे इंजिनं लागलेली होती.

"मामा, इंजिन मागे कसं?"

"धक्का मारायला."

१८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हापासून हा चढ कुणाचंच ऐकत नाही. सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात. गाडी त्यासाठी थांबते आणि तेवढ्यात कर्जतचा वडा खपतो. एका तालुक्याचं नाव धक्क्यावर आणि वड्यावर झालं, हे भाचीला फारसं पटलं नाही. तिला वाटलं, मामा विनोद करतोय.

खोपोलीत आम्ही वडा-चहाला थांबलो. वाटेत पावसाची एक जोरदार सर आली होती म्हणून दिवे लावलेले. खाली उतरताना ते विझवायचे राहिले आणि जुन्या गाडीत त्याची आठवण करून देणारी बाई बोलत नाही. गप्पा संपवून परत आलो तर सेल्फने एकदाच "टक" केलं आणि मौन धरलं. समोर डोंगरावरून टाटांच्या जलविद्युत केंद्राचे जाडजूड पाइप उतरत होते. इथली वीज १९१५ पासून मुंबईला जाते. त्या डोंगराच्या पायथ्याशी आम्हाला बारा व्होल्ट मिळेनात.

"आता?" भाची.

"आता बँकर."

रिक्षा स्टँडवरचे तिघे न बोलावता आले. कृती अशी: किल्ली चालू, क्लच पूर्ण दाबलेला, दुसरा गिअर. गाडीने वेग धरला की क्लच झटकन सोडायचा आणि इंजिन लागताच परत दाबून रेस द्यायची. भाचीने पहिल्या खेपेला क्लच सोडला, पण किल्ली चालू नव्हती. गाडी जागीच थबकली आणि ढकलणारे तिघे डिकीला भेटले. दुसऱ्या खेपेला फियाट खोकली, शिंकली आणि सुरू झाली. तिघांपैकी एक म्हणाला, "ताई, आता घाट होईस्तोवर बंद करू नका." तोच तिसरा सल्ला. चौथा माझा: जुनी गाडी नेहमी उताराकडे तोंड करून लावावी. उतार कधी पैसे मागत नाही.

घाटाच्या तोंडाशी भाचीने विचारलं, "कितव्या गिअरमध्ये चढायचं?" ज्यात गाडी कुरकुरत नाही त्यात. आणि ज्या गिअरमध्ये चढायचं, त्याच गिअरमध्ये उतरायचं. ट्रकवाल्यांचा हा नियम फियाटला तंतोतंत लागू आहे. १०८९ सीसीचं इंजिन वर नेताना दमतं, पण खाली आणताना तेच तुमचा दुसरा ब्रेक असतं. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचवणारा शहाणा ब्रेक तापवून बसतो. मग पायाखालचं पेडल खोल खोल जातं आणि देवाचं नाव वर येतं.

देवही वाटेतच आहे. जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा हा धनगर, आणि वाट दाखवल्यावर त्यालाच मारलं, अशी कथा सांगतात. जाणारे ड्रायव्हर गाडी हळू करून नाणं टाकतात. भाचीने विचारलं, "यूपीआय चालेल?" मी सुटे पैसे काढून दिले. वाट दाखवणाऱ्याचं बिल उधार ठेवू नये.

पुढे एका ट्रकमागे रांगत चढताना तापमानाचा काटा वर सरकू लागला. अशा वेळी ट्रकच्या शेपटाला चिकटू नये, अंतर ठेवावं, जागा मिळाली की बाजूला घेऊन इंजिन गार होऊ द्यावं. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये. कितीही मोह झाला तरी नाही. उन्हाळ्यात इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकावं लागतं, तेही डिकीत हवं. चढावर थांबून पुन्हा निघताना हँडब्रेक, हाफ क्लच आणि धीर हे तिन्ही एकदम लागतात. भाचीजवळ पहिले दोन होते. तिसरा मागच्या गाडीवाल्याकडे नव्हता, तो हॉर्न वाजवत राहिला. पोटात गोळा यावा म्हणून लोक खालापूर तालुक्यातल्या इमॅजिकात तिकीट काढून झुल्यांवर बसतात. नवशिक्याशेजारी बोरघाटात बसलं तर तोच गोळा फुकट येतो आणि जास्त वेळ टिकतो.

खंडाळ्याला श्वास घेऊन, दुसऱ्या गिअरमध्ये सभ्यपणे उतरून महडला पोचलो. अष्टविनायकांतला वरदविनायक. देवळात १८९२ पासून नंदादीप तेवतो आहे असं सांगतात. आमचा डावा हेडलाइट मात्र घाटातच विझला होता. बाहेर नव्या कोऱ्या गाड्यांची रांग: हार, नारळ, चाकाखाली लिंबू. भाची म्हणाली, "आपणही करू या पूजा." लिंबू चाकाखाली ठेवलं. गाडी पुढे घेताना ती अर्धा फूट मागे गेली आणि लिंबू वाचलं. गुरुजी म्हणाले, "शुभ आहे."

खालापूरला भाचीची नजर एक्सप्रेसवेकडे गेली. "मामा, टाकू का?" नको. रविवारी संध्याकाळी टोलनाक्याच्या रांगेत जुन्या गाडीचा रेडिएटर आधी उकळतो, मग आपण. आणि मोकळ्या लेनमध्ये शंभरने धावणाऱ्यांच्या मधे साठने जाणारी फियाट कुणालाच सुखाची नाही. जुना रस्ता आपला. त्यावर चहा मिळतो, मेकॅनिक मिळतो आणि लोक काच खाली करून "किती सालची?" विचारतात.

चौकावरून कर्जतकडे वळलो तर रस्त्यावर एके ठिकाणी ओढ्याचं पाणी. ते घोट्याइतकंच होतं म्हणून पहिल्या गिअरमध्ये, एका लयीत पार केलं. त्याहून जास्त असेल तर थांबावं, गाडी बोट नाही. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून वाळवावेत, कारण ओले ड्रम ब्रेक आज्ञा ऐकतात, पण उशिरा. पुढे फार्महाउसवाल्यांची एक भलीमोठी गाडी चिखलात रुतली होती. तिला चारही चाकांची ताकद होती, पण ढकलायला खाली उतरेल असं कुणी आत नव्हतं. भाची न सांगता उतरली, बाह्या सरसावल्या आणि मला म्हणाली, "मामा, चल, बँकर."

तेव्हा नवशिक्यांनो, डिकीत स्टेपनी, जॅक, पाने, फॅन बेल्ट, दोरी, पाण्याचा कॅन आणि फडकं ठेवाच. पण छोट्या जुन्या गाडीत माणसं घेताना वजन बघू नका, खांदे बघा. चौघांपैकी निदान दोघं तरी हसत उतरून धक्का मारणारी हवीत. तशी मिळत नसतील, तर कर्जतहून लोकल पकडा.