आकाशाचा हप्ता

डोंबिवलीत एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवरून खाली पाहिलं तर शहर दिसत नाही, पत्रे दिसतात. निळे, हिरवे, विटकरी. आधी वरच्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये पातेली मांडली जातात, मग सभा होते, मग वॉटरप्रूफिंग होतं, पुढच्या जूनमध्ये त्याच जागी तीच पातेली येतात आणि शेवटी कोणीतरी ज्येष्ठ सभासद उठून सांगतो की आता पत्र्याशिवाय गत्यंतर नाही. आमच्या सोसायटीतले ते ज्येष्ठ सभासद म्हणजे आमचे बाबा. पत्र्याची वर्गणी देताना लोकांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशा नजरेने लोक वसुलीवाल्याकडेही पाहत नाहीत.

अशा गावात राहून आम्ही छताला भोक असलेली गाडी घेतली. शिवाय त्या भोकाचे जादा पैसे मोजले.

घोडबंदर रोडवरच्या शोरूममधल्या मुलाने सनरूफचं बटण दाबलं, काच सुळ्ळकन मागे गेली आणि आम्हाला शोरूमचं फॉल्स सीलिंग दिसलं. आम्ही सगळ्यांनी ‘वा!’ म्हटलं. “सर, सनरूफ नसेल तर रिसेल नाही,” तो मुलगा म्हणाला. अजून विकत घ्यायची होती ती गाडी विकायची काळजी आम्हाला तिथेच लागली. लेकीने तर आत बसून मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत सनरूफला उघडायचे हुकूम सोडून पाहिले. ज्या घरात आवाज दिल्यावर कोणी खिडकीसुद्धा लावत नाही, त्या घराला याचं अप्रूप वाटणं साहजिक होतं.

बाबा रेल्वेच्या विद्युत विभागातून निवृत्त झालेले. त्यांना छत आणि विजेची तार या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत. “आमच्या वेळी लोकलच्या टपावर बसायचे लोक. तेव्हा वर पंधराशे व्होल्ट डीसी होते, आता पंचवीस हजार एसी आहेत. त्यातून तुम्ही पोरीला टपातून डोकं बाहेर काढायला शिकवा!”

“बाबा, गाडीच्या वर तारा नसतात.”

“डोंबिवलीत?” बाबांनी विचारलं.

यावर उत्तर नव्हतं. आमच्या गल्लीत केबलवाल्याच्या, इंटरनेटवाल्याच्या आणि गेल्या गणपतीतल्या रोषणाईच्या तारा अशा लोंबतात की उंच माणसाने चालतानाही नमस्काराच्या बेतात असावं. डोकं बाहेर काढायचं नाही, हे तेव्हाच ठरलं. तसंही चालत्या गाडीच्या सनरूफमधून पोरं उभी करणं हा हौसेचा नव्हे, हाडं मोडून घ्यायचा प्रकार आहे. गाडीने ब्रेक मारला तरी पोर थांबत नाही.

मग उरलं आकाश पाहणं. पण ठाणे जिल्ह्यात गाडीतून वर पाहिलं तर काय दिसतं? घोडबंदर रोडला मेट्रो ४ चा पूल. भिवंडीकडून यावं तर मेट्रो ५ चा. कल्याण-शीळ रस्त्याला मेट्रो १२ चं काम. मेट्रोत बसण्याआधी तिचं पोट बघून घ्यायची सोय सनरूफवाल्यांना झालेली आहे. मध्येच कुठे पूल संपून उघडं आकाश आलंच, तर तिथे कोणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा बॅनर आडवा लावलेला. वर्षभरात आम्ही खरं निर्भेळ आकाश पाहिलं ते पत्री पुलावरच्या गर्दीत अडकलेलो असताना, आणि तेही पडदा ओढून घ्यावा लागला. मे महिना होता.

सनरूफ फुटलं तेही मे महिन्यातच आणि फोडलं एका नारळाने.

आमच्या सोसायटीच्या कुंपणाला लागून एक माड आहे. बिल्डरने जमीन घेतली तेव्हापासूनचा, म्हणजे आमच्या सगळ्यांपेक्षा जुना रहिवासी. त्याच्या खालीच आमचं पार्किंग. तळमजल्यावरच्या मालवणी काकांनी पहिल्याच दिवशी अभय दिलं होतं, “नारळाक तीन डोळे असतत. तो कोणाच्या डोक्यार पडूचो नाय.” नारळाने शब्द पाळला. तो डोक्यावर पडला नाहीच. पहाटे काहीतरी फुटल्याचा आवाज झाला, वॉचमनने शिट्टी मारली (चोर पळून जावा म्हणून तो आधी शिट्टी मारतो) आणि आम्ही खाली गेलो तर पुढच्या दोन सीटच्या मध्ये सोडणासकट एक अखंड नारळ विराजमान. नवी गाडी घेतली तेव्हा आम्ही तिच्यासमोर नारळ फोडला होता. आता नारळाने गाडी फोडली. फिट्टंफाट.

“असो. गाडीचा त्याका काय म्हायत?” काका नारळाची बाजू घेत म्हणाले.

सीटवर, पायात, कपहोल्डरमध्ये, गिअरच्या खोबणीत, सगळीकडे खडीसाखर सांडावी तसे काचेचे खडे. आमच्या सनरूफची काच टफन्ड होती. म्हणजे ती सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि गार हवेचे झोत मारून एकदम थंड करतात. बाहेरचा थर आधी आवळला जातो, आतला मागाहून आक्रसायला बघतो, पण बाहेरचा त्याला सोडत नाही. वरून दाब आणि आतून ताण घेऊन ती काच आयुष्यभर हसतमुख बसलेली असते. मध्यमवर्गीय माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तिला एका जागी खोल इजा झाली की सगळा साठलेला ताण एकाच क्षणी बाहेर पडतो आणि हजारो बोथट तुकडे होतात. म्हणूनच तिला तडा जात नाही, ती डागडुजीला उरत नाही. समोरच्या काचेचं तसं नसतं. तिथे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, दगड लागला तरी तुकडे चिकटून राहतात. तो शोध एदुआर बेनेदिक्तुस नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला १९०३ मध्ये लागला, तो हातून बाटली पडल्यामुळे. बाटलीला आतून रसायनाचा थर बसलेला असल्याने ती तडकली पण विखुरली नाही. पुढे त्याने पेटंट घेतलं. आमच्याकडे हातून बाटली पडली तर पेटंटाचं कोणी बोलत नाही.

सकाळी सेक्रेटरी आले. त्यांनी आधी नारळ कुठे आहे ते विचारलं. माडाचे नारळ सोसायटीच्या मालकीचे असून ते ऑफिसात जमा करायची पद्धत आहे, अशी माहिती मिळाली. मी काचेचं विचारलं. त्यावर कमिटीने जागच्या जागी जो निर्णय दिला तो मला अजून पाठ आहे. झाड सोसायटीचं, फळ सोसायटीचं, पडणं मात्र वैयक्तिक.

“मग झाडाचं काहीतरी करा,” बायको म्हणाली.

“वहिनी, १९७५ चा कायदा आहे. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाडाला हात लावता येत नाही.”

झाड तोडायला परवानगी लागते हे खरंच. नारळ उतरवायला मात्र नुसता चढणारा माणूस लागतो. तो मागच्या दिवाळीत येऊन गेला होता, पण त्याने सांगितलेला दर ऐकून कमिटीने नारळांना स्वखुशीने उतरण्याची मुभा दिली होती.

विम्याच्या कंपनीला फोन लावला. आधी बराच वेळ संगीत ऐकवून मग एका मुलीने प्रश्न विचारायला सुरुवात केली.

“अपघाताच्या वेळी वाहनाचा वेग किती होता?”

“शून्य.”

“वाहन कोण चालवत होतं?”

“कोणीच नाही. पहाट होती.”

“समोरचं वाहन कोणतं होतं?”

“नारळ.”

थोडा वेळ नुसता टायपिंगचा आवाज. “सर, त्याचा रजिस्ट्रेशन नंबर?”

दुसऱ्या दिवशी सर्वेअर आले. सभ्य गृहस्थ. फोटो काढले, चॅसिस नंबर पाहिला आणि मग म्हणाले, “ती पडलेली वस्तू दाखवता का?” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नारळ आदल्याच दिवशी मालवणी काकांनी सोलून दिला होता आणि तो बाजारातल्यापेक्षा गोड निघाला होता. पुराव्याची सोलकढी झाली होती. बायकोने सर्वेअरना वाटीभर आणून दिली. त्यांनी ती नियमात बसते का याचा क्षणभर विचार केला आणि घेतली.

खरी बैठक रात्री झाली. क्लेम करावा की खिशातून भरावं? बाबांनी लग्नाच्या एका पत्रिकेची मागची कोरी बाजू घेतली. काचेवर घसारा शून्य, म्हणजे काचेचे पैसे पूर्ण मिळणार. पण काचेभोवतीचं रबर आणि प्लास्टिक यांच्यावर घसारा पन्नास टक्के. माणूस साठीला आला तरी सरकार त्याच्यावर एवढा घसारा लावत नाही, हे बाबांचं मत. शिवाय फाइल चार्ज वेगळा, पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला हजार, पुढे दोन हजार. आणि नो क्लेम बोनस! तो मी जुन्या गाडीपासून जपत आणला होता. वीस टक्के, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पन्नास असा तो चढत जातो आणि गाडी बदलली तरी मालकाबरोबर येतो. तो राखण्यासाठी मी कित्येक ओरखडे गिळले होते, रिक्षावाल्यांना हात जोडले होते. एका नारळासाठी तो शून्यावर आणायचा? बाबांनी पत्रिका भरेपर्यंत आकडे मांडले. बोनस फक्त गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर असतो, थर्ड पार्टीच्या नाही, हे त्यांनी पॉलिसीच्या बारीक अक्षरातून शोधून काढलं आणि निकाल दिला की क्लेम परवडतो. माझ्या डोळ्यांदेखत पन्नास टक्के गेले.

काच मात्र तयार नव्हती. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने “पार्ट ऑर्डरला टाकलाय” एवढंच सांगितलं. पुढे दर वेळी तो तेच इतक्या गोड आवाजात सांगायचा की चौकशी करणाराच ओशाळा व्हावा. सोसायटीत सल्ल्यांना ऊत आला. कोणी म्हणालं, कुर्ल्याला सीएसटी रोडवर स्क्रॅपची गल्ली आहे, अख्खं छत कापून मिळतं. कोणी म्हणालं, उल्हासनगरला जा, ते लोक कंपनीच्या आधी बनवून देतात. कल्याणला एक डेंटिंग-पेंटिंगवाला आहे, तिथे बाबा मला घेऊन गेले. त्याने छताभोवती एक चक्कर मारली, भोकातून आत पाहिलं आणि हात पुसत म्हणाला, “साहेब, कशाला काचेच्या नादी लागता? पत्रा मारून देतो. वेल्डिंग, लांबी, कलर. कळणार पण नाही. आयुष्यभर कटकट नाही.”

बाबांच्या चेहऱ्यावर जे समाधान मी पाहिलं, ते त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही नव्हतं. इतक्या वर्षांनी त्यांना समविचारी माणूस भेटला होता.

मी पत्र्याला नकार दिला आणि ताडपत्री घेतली. भोकावर निळं प्लास्टिक, कडेने चिकटपट्टी. शीळफाट्याकडे जाताना वाऱ्याने ते फडफडायला लागलं की मागच्या ट्रकवाल्यांना वाटायचं आम्ही सामान शिफ्ट करतोय. वरून पाहिलं तर आमची गाडी आणि आमच्या इमारती यांत आता काही फरक उरला नव्हता. मृग तोंडावर आला, ढग जमायला लागले, तेव्हा घरात धीर द्यायला मी पत्री पुलाचा दाखला दिला. जुना पूल २०१८ मध्ये पाडला, नवा २०२१ मध्ये सुरू झाला, त्या मानाने काच लवकर येईल. ती आली. पहिल्या मोठ्या सरीच्या दुसऱ्या दिवशी.

काम करणारा मिस्त्री पोरगेला होता, पण हात जुना. त्याने आधी छताचं अस्तर सोडवलं आणि रुळांतले काचेचे खडे व्हॅक्यूमने ओढून काढले. एक खडा राहिला तरी नवी काच अडकेल, म्हणाला. मग चारही कोपऱ्यांत बारीक पिचकारीने पाणी सोडलं आणि चाकांजवळ वाकून पाहिलं. “हे काय करतोस?” बाबांनी विचारलं.

“काका, रबर पाणी पूर्ण अडवत नाही. थोडं आत येतंच. ते या पन्हाळीत पडतं आणि चार नळ्यांतून खाली जातं. लोक रबर बदलत बसतात. खरं तर नळीत पाला अडकलेला असतो.”

बाबा खुर्ची ओढून बसले. छत गळणारच हे मान्य करून बांधलेलं छत त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिलं होतं. आमच्या गच्चीवर तीन कंत्राटदार आले आणि प्रत्येकाने ‘थेंब येणार नाही’ असं लिहून दिलं होतं. पाणी जाणार कुठून, हे एकानेही विचारलं नव्हतं. मिस्त्रीने काच बसवली, छताच्या पातळीला आली का हे बोट फिरवून पाहिलं, बटण दाबून धरून काच एकदा पूर्ण मागेपुढे फिरू दिली, कारण नवी काच बसली की मोटरला तिची हद्द पुन्हा दाखवावी लागते. तोवर बाबा त्याला गच्चीच्या पाइपांचा व्यास सांगत होते.

त्या पावसाळ्यात बाबांनी पत्र्याची पन्हाळ आणि गच्चीचे सगळे पाइप उपसले. त्यातून पाला, दोन चेंडू, एक पतंग आणि माडाची अर्धी झावळ निघाली. वरच्या मजल्यावरची पातेली पहिल्यांदाच स्वयंपाकघरात राहिली. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत त्यांना बिनविरोध कमिटीवर घेतलं.

त्याच सभेत सेक्रेटरींनी ठराव वाचला: “आवारातील नारळ कोणत्याही वाहनावर अथवा वाहनात पडल्यास वाहनधारकाने तो चोवीस तासांत कार्यालयात जमा करावा, अन्यथा बाजारभावाने वसुली करण्यात येईल. ठराव मागील तारखेपासून लागू.” सूचक सेक्रेटरी, अनुमोदक आमचे बाबा. मी त्यांच्याकडे पाहिलं तर म्हणाले, “नियम सगळ्यांना सारखा पाहिजे.”

ऑक्टोबरच्या मेंटेनन्सच्या बिलात सिंकिंग फंडाच्या खाली एक नवी ओळ आली: नारळ, १ नग. बायको आता सेक्रेटरींकडे सोडणांचे पैसे मागते आहे. ती तिने ऑफिसात जमा केली होती, रीतसर पावती घेऊन.