स्थलांतरित पाल्यासाठी शाळानिवड

ऊसतोडीसाठी स्थलांतर करताना पाल्यासाठी शाळा निवडणे हे बीड जिल्ह्यात दसऱ्याच्या सुमारास करावयाचे काम आहे. परदेशी बदली झालेले कुटुंब आधी शाळा पाहते, मग घर. पाटोदा, धारूर, शिरूर कासारकडे क्रम निराळा. मुकादमाकडून घेतलेली उचल लग्नात किंवा दवाखान्यात केव्हाच संपलेली असते आणि कारखाना मुकादमानेच ठरवलेला असतो. शाळेपुरते मात्र पालकांना पूर्ण स्वातंत्र्य असते.

पहिला पर्याय फडाजवळच्या शाळेचा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. तेव्हा घोर दाखल्याचा नव्हे, राहत्या कोपीपासून शाळेपर्यंतच्या वाटेचा करावा. टोळी बेळगावकडे गेली तर कन्नड शाळा पदरी पडू शकते. मग तिसरीतले मूल पुन्हा अक्षरे गिरवू लागते. साखरशाळेचा उपयोग बैलगाडीवाल्यांना, कारण त्यांचा तळ कारखान्याजवळ असतो. ट्रक भरणारी टोळी फड संपला की पुढच्या गावी. पाल्य दहा वर्षांची मुलगी असेल, तर धाकट्याला काखेत घेऊन वर्गात बसू देणारा मास्तर शोधावा. इतर सर्व निकष गौण. नवरा-बायको मिळून हिशेबात एक कोयता धरतात. मूल कुठल्याच हिशेबात नसते, नुसते ट्रकमध्ये असते.

दुसरा पर्याय हंगामी वसतिगृहाचा. ते सुरू होण्याची तारीख आणि ट्रक निघण्याची तारीख जुळली तर उत्तम. 2021 पासून संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासकीय वसतिगृहांची योजना आहे. तिथे जागा मिळाली तर दुसरा विचार करू नये.

तिसरा पर्याय आजी. ही संस्था बाराही महिने चालते, प्रवेश अर्ज मागत नाही, आणि अनुदान तर तिला कधी मिळालेच नाही. तिला अक्षर येत नाही. पण पाटीवर काही उमटले की नाही एवढे दिसते आणि तेवढ्या बळावर ती दटावते. गुडघे दुखत असले तरी शाळेच्या वेळेआधी भाकरी थापून होते. शेळी सोडायला मात्र ती नातवालाच पाठवते. ही त्रुटी मान्य करावी.

निघण्यापूर्वी आजीच्या मोबाइलवर रिचार्ज मारून द्यावा आणि मास्तरांचा नंबर पहिल्याच बटणावर लावून ठेवावा.