खरकट्याच्या वेड्यांची बाजू

शहाण्यांची स्तुती पुष्कळ झाली. मला आज वेड्यांची बाजू मांडायची आहे, आणि तीही शेण, मैला आणि खरकट्यामागे आयुष्य घालवणाऱ्यांची.

शहाणपणाची रीत आपल्याला ठाऊक आहे. काल उरलेला भात, शिळी पोळी, भाजीची देठं एका पिशवीत कोंबायची, गाठ मारायची आणि घंटागाडीत टाकून हात धुवायचे. मुंबईत हे शहाणपण १९२७ पासून देवनारच्या कचराभूमीवर साठत आलं. २०१६च्या जानेवारीत तो डोंगर पेटला, तेव्हा त्याचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसला. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, म्हणून अन्न कुजून मिथेन तयार होतो. तोच मिथेन टाकीत धरला तर शेगडी पेटते. आपण तो हवेत सोडतो आणि सिलिंडरचा नंबर लावतो.

वेडे याच्या उलट वागले. मुंबईत १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात मैल्यापासून वायू काढण्यात आला. १९५०च्या दशकात जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपीची टाकी घडवली. गॅस साठला की टोपी वर येते, वापरला की खाली बसते. खादी ग्रामोद्योग आयोगाने ही रचना गावोगाव नेली. देहूला डॉ. सुहास मापुसकरांनी तर संडासच गॅसच्या टाकीला जोडले. ज्या मैल्याचं नाव काढताच लोक तोंड फिरवत, त्यावर चुली पेटल्या. मृत्यूनंतर २०१७ साली मापुसकरांना पद्मश्री मिळाली.

पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी या वेडाला नवं तर्कशास्त्र दिलं. शेण म्हणजे गाईने आधीच पचवलेलं अन्न. मग टाकीतल्या जिवाणूंना उरलंसुरलं का द्यायचं? त्यांना गाय खाईल तेच द्या. पीठ, भात, खरकटं यांत साखर आणि पिष्ट भरपूर असल्यामुळे थोड्या खाद्यात आणि थोड्या वेळात गॅस मिळतो. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या, एक दुसरीत उपडी, एवढ्यावर त्यांच्या 'आरती' संस्थेचं संयंत्र उभं राहिलं. २००६ साली त्याला लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. विधवांच्या शिक्षणासाठी ज्यांना लोकांनी वेडं ठरवलं, त्या महर्षी कर्व्यांचे हे नातू. असं वेड घराण्यात टिकलं हे महाराष्ट्राचं भाग्यच.

खेड्यातलं गणितही सोपं आहे. चार-पाच जनावरांचं रोजचं पन्नासेक किलो शेण, तेवढंच पाणी, आणि दोन घनमीटरची टाकी. पाच माणसांचा स्वयंपाक होतो, बाईच्या डोळ्यांतला धूर जातो, गोवऱ्या थापण्याचे तास वाचतात. शेवटी बाहेर पडणारी स्लरी शेताला जाते. शेणातलं नत्र तिच्यात तसंच राहतं. गोवरी जाळली की ते धुरात जातं.

मात्र हे वेड अर्धवट चालत नाही. टाकीचं पोट रोज भरावं लागतं. साबणाचं पाणी गेलं की जिवाणू मरतात, लिंबू-संत्र्याच्या सालींचा मारा झाला की आंबटपणा वाढून गॅस थांबतो, थंडीत तो मंदावतो. जनावरं विकली की गोठ्यामागची टाकी ओस पडते. अनेक गावांत अनुदानावर बांधलेल्या टाक्या आज बंद आहेत. बांधायला पैसा पुरला, रोज शेण कालवायला हात पुरले नाहीत. ज्यांनी हात आखडला नाही त्यांच्या चुली अजून निळ्या ज्योतीने जळतात.

म्हणून सोसायट्यांच्या अध्यक्षांना आणि गावच्या सरपंचांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्याकडे कुणी खरकट्याची बादली वेगळी मागत दारोदार फिरत असेल, तर त्याला हसू नका. त्याला टाकीपुरती जागा द्या, आणि आज रात्रीपासून आपल्या घरातला ओला कचरा वेगळा ठेवा. २०१६च्या घनकचरा नियमांनी तसं बंधनकारक केलंच होतं. पण नियम नसता, तरी ते करायला हवंच होतं.