चहा आत आहे

निवृत्त झाल्यावर पुण्यातला गृहस्थ काहीतरी विकत घेतोच. पूर्वी हार्मोनियम घ्यायचे, मध्यंतरी बोन्सायची साथ आली होती. हल्ली ओव्हन घेतात. कोथरूड-कर्वेनगरच्या कुठल्याही सोसायटीत दुपारी चारच्या सुमारास जिन्यात लोण्याचा वास आला, की वरच्या मजल्यावर एक बेकरकाका राहतात असं खुशाल समजावं.

नोकरीत असेपर्यंत बेकरकाकांनी स्वयंपाकघर बाहेरूनच पाहिलेलं असतं. ‘झाला का गं?’ असं विचारलं की चहा तयार होतो, एवढीच त्यांना चहाची कृती ठाऊक. असा माणूस पोळीभाजीपासून सुरुवात करत नाही, कारण तिथे तुलना होते. घरात इतर कुणी कधीच केला नसेल असा पदार्थ तो हेरतो. आमच्या इमारतीतल्या काकांनी हेरलं ते अर्ल ग्रे चहाचं शॉर्टब्रेड.

आधी खरेदी झाली. रविवार पेठेतून ट्रे आले, साचे आले, ग्रॅमच्या दशांशापर्यंत मोजणारा काटा आला. ओव्हनच्या बटणावर लिहिलेलं तापमान आणि आतलं तापमान यांत फरक असतो हे कळल्यावर आत टांगायचा वेगळा थर्मामीटर आला. बिस्कीट कुरकुरीत व्हावं म्हणून स्कॉटलंडात मैद्यात थोडी तांदळाची पिठी घालतात, असं वाचून त्यांनी परदेशी पाकिटातली पिठी मागवली. मोदकाच्या पिठीचा डबा तेव्हा त्यांच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर, फळीवर होता. काकू काही बोलल्या नाहीत. काकूंचं हे न बोलणं काकांना अजून ऐकू येत नाही.

शॉर्टब्रेडचं प्रमाण सोपं आहे. एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा, सगळं वजनावर. अंडं नाही, दूध नाही, बेकिंग पावडरही नाही. एवढ्या सोप्या गोष्टीवर काका पाऊण तास बोलू शकतात. लोणी मैद्याच्या कणांना वेढून बसतं, मग पाणी आत शिरत नाही, मग ग्लुटेनचे धागे तयार होत नाहीत, म्हणून बिस्कीट ताणलं न जाता तोंडात त्याचा भुगा होतो, हे त्यांनी मला कागदावर गोल काढून समजावलं. आतून काकू म्हणाल्या, “मोहन म्हणतात त्याला. शंकरपाळ्यात घालतो आपण.” काकांनी कागदावर आणखी एक गोल काढला.

चहाचं प्रकरण मात्र खरोखर नाजूक आहे आणि काकांनी त्यात कष्ट घेतलेत, हे मान्य करायला हवं. पहिल्या खेपेला त्यांनी घरातलाच चहा, म्हणजे गोळीचा सीटीसी, तसाच पिठात मळला. बिस्किटं दाताखाली कचकचली. ती खाताना सगळ्यांनी ‘वेगळं आहे’ हा सभ्य अभिप्राय दिला. काळे ठिपके पाहून तळमजल्यावरच्या आजींनी चष्मा लावला आणि “मुंग्या नाहीत ना रे?” असं विचारून बिस्कीट नातवाला दिलं. त्यानंतर काका लोण्यात चहा मुरवायला लागले. लोणी मंद आचेवर पातळ करायचं, त्यात पत्ती सोडायची, झाकून ठेवायचं, गाळायचं आणि पुन्हा थिजवायचं. अर्ल ग्रेमध्ये बर्गमॉट नावाच्या लिंबाच्या जातभाईचं तेल असतं. ते लोण्यात छान उतरतं. पत्तीतला तुरटपणा मुख्यतः पाण्यात उतरतो, त्यामुळे वास येतो आणि कडवटपणा बराचसा मागे राहतो. पत्ती थोडं लोणी पिऊन बसते, म्हणून गाळल्यावर पुन्हा वजन करायचं. हे काकांनी स्वतः शोधून काढलं आणि ते मला आठवड्यातून एकदा सांगतात.

लोणी गाळायचं कशातून, हा प्रश्न त्यांना पडला नाही. ओट्यावर चहाची गाळणी होतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या सगळ्यांच्या चहावर तुपकट टिकल्या तरंगत होत्या आणि त्याला विलायती लिंबाचा वास होता. सकाळचा पहिला चहा बिघडणं ही आपल्याकडे साधी बाब नाही. काकूंनी त्याच दिवशी दोन गाळण्या आणल्या. एक काकांच्या हाती दिली आणि दुसरी कुठे ठेवली ते सांगितलं नाही.

फ्रिजमध्येही सत्तांतर झालं आहे. मळलेलं पीठ लांबट गुंडाळी करून थिजवावं लागतं, नाहीतर पुण्याच्या उन्हाळ्यात ते ट्रेवर ठेवताक्षणी पसरतं. त्या गुंडाळीला कोथिंबिरीचा कप्पा मिळाला. शेजारी लसणाची चटणी होती. लोणी आजूबाजूचे वास भराभर ओढून घेतं, हेही मग काकांनी वहीत नोंदवलं. वहीत तारीख, तापमान, वेळ, निष्कर्ष असे रकाने आहेत. गुरुवारी प्रयोग नसतो, कारण त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज गेली तर अर्धवट भाजलेल्या ट्रेचं काय करायचं? निष्कर्षाच्या रकान्यात काकूंचं मत लिहिण्याची पद्धत नाही.

ट्रे बाहेर आला की पाहुण्यांची परीक्षा सुरू होते. शॉर्टब्रेड फिकटच काढायचं असतं, त्यामुळे कुणीतरी “अजून जरा भाजायचं का?” असं विचारतंच. गरम असताना ते मऊ असतं, गार झाल्यावर खुसखुशीत होतं, म्हणून काका हात लावू देत नाहीत. हा मधला वेळ भरून काढण्यासाठी ते अर्ल ग्रेचा इतिहास सांगतात. चार्ल्स ग्रे, दुसरा अर्ल, 1830 ते 1834 या काळात ब्रिटनचा पंतप्रधान. त्याच्याच कारकिर्दीत, 1833 साली, ईस्ट इंडिया कंपनीची चीनच्या व्यापारातली मक्तेदारी गेली. ती मक्तेदारी होती मुख्यतः चहाची! इथे काका थांबतात आणि आपण चकित व्हावं अशी अपेक्षा करतात. भुकेला माणूस फारसा चकित होत नाही.

खरा घोळ त्यानंतर होतो. बिस्किटं बशीत येतात, पण कप येत नाहीत. कुणी वाट पाहून स्वयंपाकघराकडे नजर टाकलीच, तर काका हात वर करून म्हणतात, “चहा आत आहे.” आत म्हणजे बिस्किटात. मराठी घरात दुपारी साडेचारला गेलेल्या माणसाला चहा मिळू नये, ही अवस्था मी फक्त त्या घरात पाहिली आहे. शेवटी काकूच आल्याचा चहा घेऊन येतात, आणि मग लोक ते बिस्कीट सरळ चहात बुडवतात. बाहेर येतात ती रिकामी बोटं. काका तोंड फिरवतात.

आणि तरी सांगतो, बिस्किटं उत्तम होतात. कॅम्पातल्या कयानी बेकरीच्या श्रूजबेरी बिस्किटांवर वाढलेल्या जिभांना पटतील इतकी उत्तम. वाईट झाली असती तर हा छंद दोन महिन्यांत माळ्यावर गेला असता.

यंदाच्या पावसाळ्यात अर्ल ग्रेचा डबा संपला. नवा मागवायचा तर किंमत पाहून काका दोन दिवस गप्प होते. काकूंनी गॅलरीतल्या कुंडीतला गवती चहा कापला, बारीक चिरला आणि पातेल्यातल्या लोण्यात टाकला. वही बंद होती, काटाही बंद होता. मोदकाची पिठी फळीवरून खाली आली. लहानपणी दिवाळीआधी रवा-मैदा-तूप घेऊन भट्टीवर नानकटाई भाजून आणायला रांगेत बसलेल्या बाईला किती भाजलं हे वासावरून कळतं. तो ट्रे इमारतीत संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. काकांनी रात्री वहीत नोंद केली: ‘गवती चहा. यशस्वी. संकल्पना: स्वतः.’

दिवाळीसाठी मागणी आली तेव्हा काका म्हणाले, छंद विकायचा नसतो. तोवर काकूंनी पाव किलोचा भाव सांगून आगाऊ पैसे घेतले होते. आता रोज दुपारी काका ट्रेमागून ट्रे लावतात आणि काकू पंख्याखाली बसून डब्यांवर लेबलं चिकटवतात. लेबलावर ‘अर्ल’ हा शब्द कुठेतरी यावा अशी काकांची फार इच्छा होती. गवती चहात अर्ल कुठून आणायचा, असं काकूंनी विचारलं. घरगुती खाद्यपदार्थ विकायचे म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. ती काकूंनी केव्हाच करून टाकली आहे. कुणाच्या नावावर, हे काकांनी अजून विचारलेलं नाही.