दादा, साइट कधी चालू होईल?

शासनाने प्रवेश ऑनलाइन केले त्यामागचा हेतू थोर होता. पालकांची वणवण थांबावी, रांगा मोडाव्यात, वशिल्याला चाप बसावा आणि घरबसल्या एका क्लिकवर पोराची अॅडमिशन व्हावी. यातले एका क्लिकचे तेवढे खरे ठरले. फक्त ते क्लिक करून घ्यायला मे-जूनमध्ये निम्मा तालुका कॉलेजच्या ऑफिसात येतो, आणि ते क्लिक करतो एसवाय बीएचा, तासाच्या हिशेबाने पैसे मिळणारा एक मुलगा.

या मुलाला ऑफिसात हुद्दा नाही. कागदोपत्री तो 'कमवा व शिका' योजनेचा लाभार्थी आहे. लाभ नेमका कोणाचा होतो, याचा खुलासा योजनेत नाही. पालक त्याला गर्दी कमी असेल तेव्हा 'दादा' म्हणतात, साइट बंद पडली की 'ए' म्हणतात आणि पावती हातात पडली की 'सर' म्हणतात. पावती नाहीच पडली तर "नाव काय तुमचं? प्राचार्यांना सांगतो" म्हणतात. नाव विचारले जाण्याचा एवढा एकच प्रसंग.

पुणे विद्यापीठाने या योजनेला कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव दिले आहे. अण्णांनी 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, तेव्हा घरात पैसा नाही म्हणून कोणाचे शिक्षण थांबू नये, पण पोराने कोणापुढे हातही पसरू नये, श्रम करून ताठ मानेने शिकावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या डोळ्यांपुढे कुदळ-फावडे होते. काळ बदलला, कुदळीच्या जागी माउस आला. पण कुदळीची सोय अशी होती की समोरचा दगड फुटायच्या आधी "माझा मेव्हणा कलेक्टर कचेरीत आहे" असे सांगत नसे.

कॉलेजच्या फाटकावर 'प्रवेश मदत कक्ष' असा फ्लेक्स लागतो. त्यावर संस्थेचे संस्थापक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव आणि प्राचार्य यांचे फोटो असतात. मदत करणाऱ्याचा फोटो नसतो, कारण जागा उरत नाही. बाण दाखवतो त्या दिशेने गेले की जिमखान्याची खोली लागते. कॅरमबोर्ड भिंतीला टेकवून तिथे दोन टेबले, दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि एक उभा पंखा मांडलेला असतो. पंखा स्कॅनरकडे तोंड करून ठेवायचा, असा हेडक्लार्क साहेबांचा सक्त आदेश. स्कॅनर तापला तर बंद पडतो आणि त्याच्या दुरुस्तीला पैसे लागतात. मुले तापली तर पाणी पितात.

बाकीची पोरे या दिवसांत गावाला आंबे खात असतात. ही मुले हॉस्टेलवर राहतात, जिथे उन्हाळ्याची मेस बंद असते. म्हणून सकाळी वडापाव, दुपारी वडापाव, आणि कोणा पालकाचे काम फारच मनासारखे झाले तर संध्याकाळी त्यांच्याकडून पेढा.

टेबलावर खरी मास्तरकी आहे ती कागदपत्रांची. स्कॅनरवर बसणारी टीवाय बीकॉमची मुलगी (तिला सगळे ताई म्हणतात, तिच्या दुप्पट वयाच्या बायकासुद्धा) दोन एमबीचा फोटो पन्नास केबीच्या आत बसवते आणि वर चेहरा ओळखू येईल एवढा शिल्लकही ठेवते. अकाउंट्सच्या तीन वर्षांत तिला हे कोणी शिकवले नाही, उन्हाळ्याने शिकवले. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, गॅप असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र. आणि नॉन-क्रिमीलेयर. तिची मुदत संपते ती 31 मार्चलाच. बारावीचा निकाल लागतो मे महिन्यात. म्हणजे दाखला बाद होतो आणि मग त्याची गरज लागते. हा क्रम ज्याने लावला त्याला कालनिर्णयाची उत्तम जाण असली पाहिजे.

दाखल्यांच्या झेरॉक्सवर स्वतःच सही करून त्या खऱ्या असल्याचे सांगण्याची मुभा राज्य शासनाने 2015 सालीच दिली. तरीही शिक्का मारलेला कागद दिसला की पालकाचा जीव भांड्यात पडतो. परवा एका गृहस्थांनी झेरॉक्सवर स्वतःच्या किराणा दुकानाचा शिक्का मारून आणला. ताईने तो ठेवून घेतला. "असू दे काका, चांगला उमटलाय," म्हणाली.

नावांची तऱ्हा आणखी न्यारी. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधार कार्डावर आडनाव शेवटी. वडील शाळेच्या दाखल्यावर 'बबन', आधारवर 'बबनराव'. मधल्या काळात त्यांचा मान वाढला याचा पुरावा जोडा, असे पोर्टल म्हणत नाही. ते फक्त लाल अक्षरात काहीतरी इंग्रजीत म्हणते आणि त्याचे मराठीत भाषांतर मुलाने करायचे असते. आणि ओटीपी! ओटीपी वडिलांच्या फोनवर जातो, वडील उसाच्या शेतात असतात. किंवा फॉर्म भरताना सायबर कॅफेवाल्याने स्वतःचाच नंबर टाकलेला असतो, आणि आता तो कॅफे बंद करून त्याने रसवंतीगृह काढलेले असते. मुलगा त्या रसवंतीवाल्याला फोन लावतो. पलीकडून घुंगरांच्या आवाजात सहा आकडे येतात. राज्याची डिजिटल व्यवस्था त्या घुंगरांवर चालू राहते.

नवे शैक्षणिक धोरण आल्यापासून मात्र साध्या बीएच्या टेबलावरही प्रवचनाला बसावे लागते. संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून पदवीला ते लागू झाले. टोपी घातलेले एक काका मुलीला घेऊन समोर बसले होते.

"काका, मेजर भूगोल घ्यायचा ना?"

"घ्या की."

"मग मायनर कुठला?"

"मेजर घेतला ना? मग मायनर कशाला? मोठं मिळत असताना बारकं कोण घेतंय?"

"दोन्ही घ्यावं लागतं. शिवाय ओपन इलेक्टिव्ह, ते दुसऱ्या विद्याशाखेचं. कॉमर्सचं टाकू का?"

"म्हणजे पोरगी बीए का बीकॉम?"

"बीएच, काका. पुढं व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस."

काकांनी हे सगळे देवळातल्या मंत्रासारखे हात जोडून ऐकून घेतले. मग खाली वाकून हळूच विचारले, "बाळा, तुला तरी कळलंय का?" मुलगा म्हणाला, "नाही काका, पण फॉर्म भरता येतो." एवढी प्रामाणिक समुपदेशन सेवा, माझ्या मते, कुठल्या करिअर मेळाव्यात मिळायची नाही.

काकांचा शेवटचा प्रश्न पैशांचा होता. मुलींचे शिक्षण मोफत झाले असे गावात सगळ्यांनी ऐकले आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना 2024-25 पासून शुल्कमाफी मिळाली हे खरेच आहे. पण फ्लेक्सवर बसले तेवढेच गावात पोचले. ती माफी व्यावसायिक अभ्यासक्रमांची आहे, हे सांगण्याचे काम या टेबलाकडे आले.

"बीए म्हणजे व्यवसाय नाही होय?" काकांनी विचारले.

मुलाने उत्तर दिले नाही. तो स्वतः बीएला आहे.

आता ज्या कॉलेजला अकरावीपण जोडलेली आहे, तिथली मजा वेगळीच. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया पूर्वी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरती होती. 2025 साली ती अख्ख्या राज्याला लागू केली. वीस लाखांच्या वर जागा, एक पोर्टल. 21 मे रोजी ते उघडायचे होते, त्या दिवशी त्याने डोळेच उघडले नाहीत. नोंदणी 26 मेपासून धरावी लागली. पहिली गुणवत्ता यादी जून संपत आला तेव्हा लागली. या मधल्या काळात सबंध महाराष्ट्रात एकच प्रश्न विचारला जात होता, आणि तो शिक्षणमंत्र्यांना नव्हे, जिमखान्याच्या खोलीतल्या पोराला: "दादा, साइट कधी चालू होईल?"

जणू साइटची चावी त्याच्या खिशात आहे. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "माहीत नाही." लोक चिडले. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "तांत्रिक अडचण आहे." तरी चिडले. तिसऱ्या दिवशी तो शहाणा झाला आणि म्हणाला, "जेवून या, तोवर होईल." लोक समाधानाने जेवायला गेले. सरकारी नोकरीसाठी लागणारी पात्रता त्याच्या अंगी इतक्या लवकर आलेली पाहून हेडक्लार्क साहेबांचा ऊर भरून आला. त्यांना स्वतःला हे उत्तर सापडायला अकरा वर्षे लागली होती, असे ते चहाच्या वेळी सांगत होते.

पसंतीक्रमाची गंमत तर विचारू नका. कमीत कमी एक, जास्तीत जास्त दहा कॉलेजे. पहिल्या पसंतीचे कॉलेज लागले तर तिथेच प्रवेश घ्यायचा, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे पहिले नाव टाकताना घराघरांत मुलगी बघायला गेल्यासारखी चर्चा होते. आई म्हणते घराजवळचे, मामा म्हणतो नाव असलेले, मुलगा म्हणतो मित्र जिथे जाईल ते. शेवटी सगळे टेबलापलीकडच्या मुलाकडे वळतात: "तू काय म्हणतोस?" तो सांगतो ते टाकतात. वर्षभराने पोर नापास झाले तर "त्या ऑफिसातल्या पोरानं टाकायला लावलं" हे वाक्य तयार असते.

वशिल्याचे काय झाले, असे कोणी विचारील. त्याला चाप बसला, म्हणजे तो खुर्चीत बसला. व्यवस्थापन कोटा पाच टक्के, इन-हाऊस दहा टक्के, असे नियमातच आहे; त्यात गैर काही नाही. पण जून उजाडला की पाच टक्क्यांच्या जागांवर पन्नास टक्के जनतेचा हक्क आहे, असे लेटरहेडवरून दिसू लागते. 'पत्रवाहक माझ्या चांगल्या परिचयाचे असून' अशी सुरुवात असलेले पत्र घेऊन माणूस येतो. पत्रवाहकाचे नाव लिहायची जागा बऱ्याचदा कोरीच असते, कारण परिचय अजून व्हायचा असतो. अशी माणसे जिमखान्यात येत नाहीत. ती एसी केबिनमध्ये जातात, तिथे यंत्रणा नसते, माणसे असतात. ज्याला कोणी ओळखत नाही त्याने कॉम्प्युटरपुढे बसायचे, अशी ही सोयीची विभागणी आहे.

संध्याकाळी पाचच्या सुमारास मुदतवाढीचे परिपत्रक येते. ते येणार हे सगळ्यांना ठाऊक असते; शेवटच्या तारखेवर महाराष्ट्रात आता फक्त विमा एजंट विश्वास ठेवतात. सूचना टाइप करण्याचे कामही मुलाकडेच. तो गेल्या खेपेची फाईल उघडतो, तारीख बदलतो. 'अंतिम मुदत'ची 'अंतिम मुदतवाढ' झाली, तिची 'विशेष अंतिम मुदतवाढ' झाली. आता विशेषच्या आधी काय लावायचे, हे विचारायला तो मराठी विभागात गेला होता. विभागात कोणी नव्हते. सगळे परीक्षेचे पेपर तपासायला गेले होते. ते पेपर त्याचे स्वतःचेच असावेत, कारण त्याचाही निकाल अजून लागायचा आहे.

या खोलीत तिसरे एक टेबल आहे, त्याचे सांगायचे राहिले. तिथे एक सर बसतात. एमए, सेट, पीएचडी. प्रवेश समितीचे सदस्य म्हणून त्यांचे नाव फलकावर आहे. ते सीएचबीवर आहेत, म्हणजे घड्याळी तासांवर. त्यांनाही तासाच्या हिशेबानेच पैसे मिळतात. फरक इतकाच की सुटीत तास नसतात, म्हणून उन्हाळ्यात मुलाला पैसे मिळतात आणि सरांना मिळत नाहीत. तरी ते रोज दहाला हजर असतात. नाही आले तर पुढच्या वर्षी बोलावतील की नाही, कोण सांगावे? पाच वर्षे शिकून, नेट-सेट होऊन, प्रबंध लिहून माणूस मुलाच्या टेबलावरून सरांच्या टेबलावर जातो. अंतर साधारण सहा फूट. मुलगा अधूनमधून तिकडे बघतो. सर बघत नाहीत.

गेल्या शुक्रवारी गर्दी ओसरल्यावर सर खुर्ची ओढून मुलाजवळ आले. एका दुसऱ्या कॉलेजात सीएचबीची जाहिरात निघाली होती, अर्ज ऑनलाइन मागवले होते. फोटो काही केल्या चढत नव्हता.

"बघ रे जरा. साइट घेत नाहीये."

"घेईल सर. पन्नास केबीच्या आत करावा लागतो." ताईने फोटो बारीक करून दिला. मुलाने भराभर रकाने भरले: नाव, पत्ता, विषय, प्रबंधाचे शीर्षक. शीर्षक इतके लांब होते की रकान्यात अर्धेच मावले. अर्धेच ठेवले. मग तो सवयीने म्हणाला,

"जात वैधता आणलीय का?"

सरांनी पिशवीतून फाईल काढली, प्लास्टिकची, बटणाची. आतून एक कागद काढून पुढे केला. मुलाने तो उजेडात धरून पाहिला.

"ही झेरॉक्स आहे सर. ओरिजिनल स्कॅन करायला लागेल."

"ओरिजिनल गावाकडे आहे."

"मग सोमवारी या," मुलगा म्हणाला, आणि पुढच्या माणसाला हात केला.