मडकं त्यांनीच फोडलं

जिवंतपणी स्वतःचं श्राद्ध घालायची सोय शास्त्रात आहे, पण ती सहसा संन्यास घेणाऱ्यासाठी. 1991 च्या मे महिन्यात तिचा लाभ न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमधल्या तीन रॅपवाल्या पोरांनी घेतला. गटाचं नाव डे ला सोल आणि दुसऱ्या अल्बमचं नाव ‘डे ला सोल इज डेड’. मुखपृष्ठावर आडवी पडलेली फुटकी कुंडी आणि मान टाकलेली डेझीची फुलं. स्मशानात एकदा तरी गेलेल्या मराठी माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. मडकं फुटलं, आता मागे वळून बघायचं नाही.

मरण्याचं कारण? यश. दुसरं काय असणार!

1989 साली पहिला अल्बम आला तेव्हा रॅपर म्हटला की कपाळावर आठ्या आणि गळ्यात गुराला बांधायच्या जाडीची साखळी, अशी लोकांची समजूत. ही पोरं आली हसत, रंगीबेरंगी कपड्यांत. एकाचं टोपणनाव ट्रुगॉय. आवडता पदार्थ योगर्ट, तो उलटा लिहिला, झालं नाव. (आपल्याकडे हाच गडी ‘हीद’ म्हणून गाजला असता.) ‘डेझी’ हे त्यांच्या लेखी फूल नव्हतंच, ‘दा इनर साउंड, यॉल’ या शब्दांची आद्याक्षरं होती, म्हणजे आतला आवाज. पण आतला आवाज पोस्टरवर छापता येत नाही, फूल छापता येतं. जाहिरातीत फुलं आली, पेपरवाल्यांनी ‘हिप्पी’ असा शिक्का मारला. ‘मी मायसेल्फ अँड आय’ हे गाणं तुफान चाललं. कपड्यांवरून माणूस जोखू नका, अशी त्या गाण्याची तक्रार. लोकांनी गाणं पाठ केलं आणि कपडे लक्षात ठेवले.

अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? तीच भेळ पुन्हा देतो, वर शेव जरा जास्त. यांनी गाडीच उलटवली.

अल्बम सुरू होतो लहान मुलांच्या गोष्टीच्या रेकॉर्डसारखा: घंटी वाजली की पान उलटा. गोष्ट अशी, की एका पोराला कचऱ्यात एक कॅसेट सापडते. ती याच गटाची. दांडगट पोरं ती हिसकावतात, ऐकतात आणि गाण्यांच्या मधेमधे शिव्या घालतात. म्होरक्याचं नाव मूळव्याध. हे भाषांतर माझं, नाव त्यांचंच. शेवटी कॅसेट पुन्हा कचऱ्यात. आपल्याच अल्बमची फाडून काढणारी समीक्षा आपल्याच अल्बमात भरून, तिचे पैसे ग्राहकाकडून घ्यायचे! समीक्षकांच्या पोटावर इतका सरळ पाय दुसऱ्या कुणी दिला असेल असं वाटत नाही. (‘द सोर्स’ या रॅपच्या मासिकाने तरी पाचपैकी पाच माइक दिले. मूळव्याधीचं कुणी ऐकलं नाही.)

एक गाणं आन्सरिंग मशीनच्या निरोपाभोवती फिरतं. ‘दादा, आमची पण एक कॅसेट ऐका ना’ म्हणत मागे लागणाऱ्यांना चुकवायचं ते गाणं. इथवर हसू येतं. मग मिलीचं गाणं येतं. बाप समाजसेवक, नाताळात दुकानात सांताक्लॉज होऊन पोरांना मांडीवर घेणारा, आणि घरी स्वतःच्या मुलीवर अत्याचार करणारा. ती सांगते तेव्हा कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ती पिस्तूल घेऊन दुकानात जाते. 1991 साली, ‘फुलांवाली गोड पोरं’ म्हणून ज्यांची ख्याती, त्यांनी हे गायलं. श्राद्ध कशासाठी घातलं होतं ते इथे कळतं.

मरणाची खरी सोय मात्र वकिलांनी केली. पहिल्या अल्बममध्ये फ्रेंच शिकवणाऱ्या रेकॉर्डच्या मागे द टर्टल्स या जुन्या बँडच्या सुरांचा एक तुकडा परवानगी न घेता वापरला होता. दावा लागला, कोर्टाबाहेर पैसे मोजून मिटला. बाकी असंख्य तुकड्यांच्या परवानग्या रेकॉर्ड-कॅसेटच्या जमान्यातल्या शब्दांत लिहिलेल्या. इंटरनेट आलं तेव्हा त्या कागदांत ते कुठे बसतंय हे कुणाला सांगता येईना. परिणामी आपणहून मेलेला गट डिजिटल दुनियेत खरोखरच नाहीसा झाला. 2014 च्या व्हॅलेंटाइन डेला त्यांनी वैतागून 25 तासांसाठी आपलं सगळं संगीत फुकट वाटलं. आपलीच गाणी वाटायची, तीही घाईघाईने, लग्नाच्या पंगतीत उरलेले लाडू संपवावेत तशी.

अखेर 3 मार्च 2023 रोजी सगळे जुने अल्बम रीतसर स्ट्रीमिंगवर आले. ट्रुगॉय, म्हणजे डेव्ह, 12 फेब्रुवारीला गेला होता. तीन आठवडेही झाले नव्हते. यावर तिरकस काही सुचत नाही.

परवा फोनवर तो दुसरा अल्बम सलग ऐकला, सत्तावीसच्या सत्तावीस तुकडे. शेवटी दांडगटांनी कॅसेट कचऱ्यात फेकली, शांतता पसरली, आणि पुढचं गाणं ॲपने माझ्यासाठी आपणहून निवडून लावलं: ‘मी मायसेल्फ अँड आय’. सोबत चित्र होतं. फुलांचं.